इंदू खडकाची चोरी

१

चिंचखेडच्या तलावातून चोरीला गेलेला खडक शेवटी सापडला. तो चोरीला गेलाच नव्हता. होता तिथंच, पाण्याखाली, मान खाली घालून बसला होता.

पण हे अजून घडलेलं नाही. वरची तीन वाक्यं वाचलीच नाहीत असं समजावं. शुक्रवारी सकाळी ती रत्नप्रभाबाईंनाही ठाऊक नव्हती, आणि शोध घेणाऱ्या माणसापेक्षा आपल्याला जास्त ठाऊक असणं बरं दिसत नाही.

तर शुक्रवारी सकाळी, जानेवारी २००६ मध्ये, रत्नप्रभाबाई दारव्ह्याला आपल्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता आणि त्यात समुद्र दरवर्षी शिकवला होता. पाहिला मात्र नव्हता. या गोष्टीचा त्यांना कमीपणा वाटत नसे. सूर्यमालाही त्यांनी न पाहताच शिकवली होती. निवृत्तीनंतर लोक त्यांच्याकडं हरवलेल्या वस्तू घेऊन येत, म्हणजे वस्तूंच्या तक्रारी घेऊन येत. कुणी कुणाचा पेपर पाहून लिहिला हे एकतीस वर्षं ओळखलेल्या बाईला चोर ओळखायला कितीसा वेळ लागणार, असा तालुक्याचा हिशेब होता.

फाटक वाजलं. चिंचखेडच्या इंदूबाई आत आल्या आणि पायरीवर बसल्या.

"बाई, मले रपोट लिहाची आहे."

"चौकी बसस्टँडजवळ आहे, इंदूबाई."

"तिथं गेलती. थे हासून राह्यले."

"काय हरवलं?"

"दगड."

रत्नप्रभाबाईंनी एक शेंग सोलली. "कुठला?"

"माह्या नावाचा," इंदूबाई म्हणाल्या. "तलावातला. पान्याखालचा. अन् रविवारच्या आत सापडला नाही, तं बुढा जाते माह्या हातातून."

रत्नप्रभाबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

२

बुढा म्हणजे इंदूबाईंचे यजमान, बाबाराव. वय सहासष्ट. ऐन जवानीतली सतरा वर्षं त्यांनी नौदलाच्या सर्वेक्षण जहाजावर काढली होती. हे जहाज लढत नसे, मोजत असे. पांढरंशुभ्र अंग, पिवळं धुराडं, आणि दिवसभर एकच काम: समुद्राचा तळ कुठं किती खोल आहे ते नकाशावर लिहायचं. जहाजाचं नाव विचारलं की बाबाराव म्हणत, "सरकारी गुपित आहे." मग चहा झाला की सांगत.

गावी परतल्यावर त्यांना मोजायला काही उरलं नाही. म्हणून १९९९ साली त्यांनी गावचा तलाव मोजला. अख्खा एक हिवाळा डोंग्यात बसून, दोरीला शिशाचा गोळा बांधून. आधीच्या दहा वर्षांत घेतला नव्हता एवढ्या गांभीर्यानं गावानं तो तलाव त्या वर्षी घेतला. नकाशा झाला. त्यात चारशे अकरा आकडे होते आणि मधोमध एक फुली: पाण्याखाली अर्ध्या वावावर, म्हणजे साधारण तीन फुटांवर, खडक. नवा खडक सापडला तर त्याला नाव द्यायची रीत असते. बाबारावांनी नाव दिलं 'इंदू खडक'.

"जहाजं फुटतात त्याच्यावर, अन् नाव माहं," असं इंदूबाई तेव्हापासून म्हणत आल्या होत्या. पण तो नकाशा त्यांनी स्वतः फ्रेम करून आणला होता.

रत्नप्रभाबाई काळीपिवळी जीपनं चिंचखेडला पोचल्या, तेव्हा बाबाराव तलावाच्या काठावर स्टुलावर बसले होते.

"या मॅडम. तुमच्या सातवीच्या वर्गात मी समुद्र शिकवाले आलतो, आठवते?"

"आठवतं. तुम्ही फळ्यावर तळ काढला होता. मी तो दोन वर्षं पुसू दिला नाही. शेवटी मुख्याध्यापकांनी पुसला." त्यांनी पदर सारखा केला. "आता सांगा, काय झालं?"

झालं होतं ते असं. कापसाचा भाव पडला, कापसातली सरकी काढणारं जिनिंग बंद पडलं, लोक हवालदिल झाले, तेव्हा मदतीच्या कुठल्याशा यादीतून गावाला एक मोटरबोट आली. कापूस आणि बोट यांचा संबंध कुणी विचारला नाही, कारण विचारला असता तर बोट परत गेली असती. सव्वीस जानेवारीला शाळेची चाळीस पोरं घेऊन बोट तलावात फिरणार होती. बाबारावांनी ग्रामपंचायतीला कळवलं, की बोटीच्या वाटेत खडक आहे. पंचायतीनं समिती नेमली. समिती डोंग्यात बसून बाबारावांच्या मागं फुलीच्या जागी गेली आणि तिनं बांबू खुपसला.

"चौदा फूट पानी," बाबाराव म्हणाले. "खाली नुसता गाळ. मी शिसं सोडलं, थेही चौदा. आजूबाजूलेही चौदा."

"जागा चुकली असेल."

"मॅडम, जागा चुकत नसते." हे ते रागानं नाही, सूर्य पूर्वेला उगवतो या चालीवर म्हणाले. त्यांनी मांडीवरची वस्तू दाखवली. शाळेचा कोनमापक, आरशाचे दोन तुकडे आणि पितळी नळी जोडून केलेला, कोन मोजायचा घरगुती सेक्स्टंट. "काठावरच्या तीन खुना. पान्याची टाकी, जिनिंगचं धुराडं, विहाराचा कळस. टाकी अन् धुराड्यामधला कोन, धुराडं अन् कळसामधला कोन. थे दोन कोन जमले, का पृथ्वीवर एकच जागा राह्यते. आम्ही समुद्रात असंच करत होतो. परवा दोन्ही कोन बरोब्बर जमले. अन् खडक नाही."

"डोळे कसे आहेत?"

"नवे आहेत. संघर्षनं पुण्याले नेऊन दोन्हीचं ऑपरेशन केलं. सव्वा वर्ष तिथं राह्यलो, दिवाळीनंतर आलो. सगळं स्वच्छ दिसते. जरासं सरकल्यावानी वाटते, पन डॉक्टर म्हने भिंग नवं आहे, बसाले वेळ लागते."

संघर्ष म्हणजे मुलगा, पुण्याला नोकरीला. वडिलांचं डोकं फिरलं असं समितीनं त्याला फोनवर कळवलं होतं. तो रविवारी येणार होता, कायमचा न्यायला. तिकिटं काढून.

"तुम्ही नाही म्हणा."

"कसं म्हनू?" बाबाराव पाण्याकडं पाहत राहिले. "जहाजावर ज्याचा आकडा चुकला, त्याच्या हातातून दोरी काढून घेत. भांडन नाही, काही नाही. नुसती दोरी काढून घ्यायची अन् दुसऱ्याले द्यायची. माहा आकडा चुकला असंन, तं मी उतरतो."

३

खडक चोरण्याला कारण असलेले लोक किती, याची रत्नप्रभाबाईंनी मनात यादी केली. दोन निघाले. पाण्याखालच्या खडकाच्या मानानं हे बरेच होते.

पहिला किसनसिंग, काळीपिवळीचा ड्रायव्हर. बोट चालवायला गावानं त्यालाच नेमलं होतं, कारण स्टिअरिंग ते स्टिअरिंग. खडक निघाला तर बोट बंद, म्हणजे किसनसिंगचा गणवेश बंद. त्यानं तो शिवूनही घेतला होता आणि तो घालूनच जीप चालवत होता. दुसऱ्या संशयिताकडं जायला रत्नप्रभाबाई त्याच्याच जीपमध्ये बसल्या.

"किसनसिंग, खडक कुठं गेला?"

"मॅडम, मी चार टनाचा माल ओढला आहे या गाडीनं. पन दगड नाही ओढला."

"मग काय ओढलं चार टनाचं?"

किसनसिंगनं आरशातून मागं पाहिलं आणि एकाएकी त्याला पुढचा रस्ता फार अवघड वाटायला लागला. पूर्ण सरळ रस्ता होता.

"इथं उतरा," तो म्हणाला. "धुराडं आलं."

जीपचा हा थांबा जुनाच. यवतमाळकडून येताना गावाच्या आधी हे लोखंडी धुराडं दिसायचं. पोरं झोपेतून उठवली जायची, पिशव्या आवरल्या जायच्या. रत्नप्रभाबाई लग्नानंतर पहिल्यांदा या रस्त्यानं आल्या, तेव्हा त्याच्यातून धूर निघत होता आणि हवेत सरकीचा गोडसर वास होता. आता धूर नव्हता, वास नव्हता, धुराडं तेवढं होतं. त्या उतरल्या. मागं वळून पाहिलं तर जिनिंगचं गंजलेलं फाटक बरंच लांब राहिलं होतं. पूर्वी त्या फाटकातच उतरत. वय झालं की थांबे लांब जातात, असं त्यांना वाटलं.

दुसरी संशयित मोतीबाई. जिनिंगमध्ये तिनं बावीस हंगाम कापूस निवडला होता. आता तीन म्हशी पाळून होती, आणि तिच्या म्हशी रोज तलावात उतरत. इंदूबाईंचा तिच्यावर दाट संशय होता, की म्हशींच्या खुराला लागतो म्हणून तिनं खडक फोडवला.

मोतीबाई अंगणात धुणं वाळत घालत होती. वर आभाळाकडून खाली आलेली एक जाड लोखंडी तार, तिच्यावर लुगडं, पोलकं, नातवाची चड्डी.

"बसा बाई. च्या टाकते."

"मोतीबाई, सरळ विचारते. तलावातलं काही हललं का?"

मोतीबाई हातातलं पोलकं पिळत राहिली. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

"तलावातलं काहीबी नाही हाललं, बाई. माह्या म्हशीची आन."

एकतीस वर्षांच्या अनुभवानं रत्नप्रभाबाईंना एक गोष्ट कळत होती. पूर्ण खोटं बोलणारं पोर डोळ्याला डोळा देतं. अर्धं खरं बोलणारं पोर पायाकडं बघतं. मोतीबाई दोन्ही करत नव्हती. ती वर बघत होती, त्या तारेच्या टोकाकडं.

४

तलाव मुळात जिनिंगच्या मालकीचा. उन्हाळ्यात कुणी गाळ काढताना सुरुंग लावला का, हे जुन्या कागदांत असणार. ते कागद वामनराव या निवृत्त कारकुनाकडं होते. जिनिंग बंद पडल्यावर त्यांनी अख्खं दफ्तर घरी आणलं होतं, कारण त्यांच्याशिवाय ते कुणालाही नको होतं.

"गाळाची फाइल," वामनराव म्हणाले आणि उठले. "पण सुरुंग नाही हो. सुरुंग लागला असता तर मी जावक क्रमांक टाकला असता."

ते आत गेले. टेबलावर दुसरी एक फाइल उघडी होती: बंद जिनिंगमधल्या लोखंडाच्या लिलावाची. वामनराव येईपर्यंत काय करायचं म्हणून रत्नप्रभाबाई ती वाचू लागल्या. यंत्रं, पट्टे, वजनकाटे. आणि मग अकरावी ओळ: 'धुराडे, लोखंडी, चाळीस फूट, एक नग. भंगार म्हणून उचलले. जागा मोकळी केली. नोव्हेंबर २००४.' खाली वामनरावांची सही. सुंदर, वळणदार.

रत्नप्रभाबाईंनी ओळ पुन्हा वाचली. मग मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं.

खिडकीबाहेर धुराडं उभं होतं.

वामनराव गाळाची फाइल घेऊन दारात आले. त्यांनी बाईंकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं. मग शांतपणे खिडकी लावून घेतली.

"मॅडम," ते म्हणाले, "जे कागदावर नाही ते दिसत असलं तरी नसतं. माझी पेन्शन अजून चालू आहे."

५

शनिवारी सकाळी रत्नप्रभाबाईंनी मोतीबाईच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. बाबाराव सेक्स्टंट घेऊन आले. किसनसिंग गणवेशात आला. वामनराव आपण आलोच नाही अशा बेतानं जरा लांब, गोठ्यापाशी उभे राहिले.

"खडकाला पाय नसतात," रत्नप्रभाबाईंनी सुरुवात केली. "म्हणजे एक तर खडक कुणी फोडला, नाही तर बाबाराव चुकीच्या जागी गेले. सुरुंग लागला नाही. वामनरावांनी जावक क्रमांक टाकलेला नाही. तेव्हा जागा चुकली. पण कोन तर बरोबर आहेत. मग चुकलं काय? खुणा. तीन खुणा आहेत. टाकी सिमेंटची, विहार विटांचा. तिसरी खूण लोखंडी आहे. तिला खाली पाया असायला हवा. मी काल तिच्या थांब्याला उतरले, तर जिनिंगचं फाटक लांब होतं. आणि तिची एक ताण-तार मोतीबाईंच्या अंगणात आहे. तिच्यावर चड्डी वाळते आहे."

सगळ्यांनी चड्डीकडं पाहिलं.

"धुराडं चाललं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "किती, मोतीबाई?"

मोतीबाईनं डोळ्याला पदर लावला नाही. कमरेवर हात ठेवले.

"दोनशे दहा पावलं. चार दिवस लागले. अकरा बैलजोड्या, किसनची जीप, अन् आम्ही चाळीस जनी-जने. लिलाववाल्यानं समदं नेलं, धुराडं नेनं परवडत नाही म्हने, कागदावर उचललं लिहा. अन् मंग थो प्लॉटवाला आला. म्हने कापून फेकतो. काहून फेकतो? बावीस वर्सं त्याच्याकडं पाहून शिफ्ट सुटली माही. पोरगी सासरून येते, थे यष्टीतून कायले पाहीन? भाव गेला, काम गेलं, भोंगा गेला. एवढं एक राह्यलतं. आमी चोरलं नाही, बाई. सरकवलं."

"मग मले काहून नाही सांगतलं?" बाबारावांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता. "पुन्याहून आलो तेव्हा?"

"तुमाले?" किसनसिंग म्हणाला. "दादाजी, तुमी समदं लिहून ठेवता. पाऊस कधी आला, म्हैस कधी व्याली. हे बी लिहिलं असतं. तारखेसकट."

हे इतकं खरं होतं की बाबारावांचा हात खिशाकडं गेला. आतली वही त्यांनी वरून झाकली. मग त्यांनी त्या धुराड्याकडं मान वर केली. ताणून बांधलेल्या सहा तारा, गंजलेलं अंग, थोडंसं कललेलं.

"जहाजावर असंच होतं," ते म्हणाले. "पिवळं. खंबातच्या आखातात धुकं पडलं अन् आमची छोटी बोट लांब राह्यली, का पह्यले थे धुराडं दिसे. मंग जेवन दिसे." त्यांनी सेक्स्टंट उचलला. "जुनी जागा कोन दाखवंन मले?"

मोतीबाई पुढं झाली. तारेवरचं लाल लुगडं तिनं ओढून काढलं, बांबूला बांधलं आणि जिनिंगच्या मोकळ्या प्लॉटकडं चालू लागली. तिथं 'प्लॉट विकणे आहे' एवढीच इमारत उभी होती. तिच्या शेजारी धुराड्याच्या जुन्या चौथऱ्यावर चढून तिनं बांबू उभा धरला.

डोंग्यात बाबाराव, रत्नप्रभाबाई आणि, "माह्या नावाचा आहे, मी येनारच," म्हणून इंदूबाई. बाबारावांनी सेक्स्टंट डोळ्याला लावला. टाकी आणि लुगडं. लुगडं आणि कळस. "डावीकडं. आनखी. हळू. थांबा."

शिशाच्या बुडाला खाच होती. तिच्यात त्यांनी धुण्याच्या साबणाचा तुकडा दाबून बसवला. तळाला काय आहे ते साबणाला चिकटून वर येतं. मग दोरी सोडली.

दोरी तीन फुटांवर सैल पडली. खालून आवाज आला, ठक्क.

शिसं वर आलं. साबणाला गाळ नव्हता, चिखल नव्हता. कोरा साबण आणि त्यावर एक हिरवट ओरखडा. बाबारावांनी तो साबण इंदूबाईंच्या तळहातावर ठेवला.

इंदूबाईंनी त्याचा वास घेतला.

"तुमी त मले म्हनलं होतं का मी पान्यात हरवली," त्या म्हणाल्या.

"म्या नाही म्हनलं. समितीनं म्हनलं."

त्यांनी डोंग्याबाहेर हात घालून पाण्यात चाचपलं. हात कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला, खांदाही बुडाला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"शेवाळलेली आहे बाप्पा मी," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ हात बाहेर काढला नाही.

६

समितीला दुपारी खडक बांबूनं दाखवण्यात आला. समितीनं बांबू मोडेपर्यंत खात्री करून घेतली. बोटीची वाट बदलली, खडकावर रिकामा तेलाचा कॅन बांधला. रविवारी संघर्ष आला, वडिलांनी त्याला डोंग्यात बसवून नेलं आणि त्याच्या हातात दोरी दिली. सोमवारी तो एकटाच पुण्याला गेला. रेल्वेनं एका तिकिटाचे पैसे परत केले नाहीत, पण रेल्वेचं तसं कुणाशीच वैर नाही.

राहिला एकच प्रश्न, आणि तो समितीनं विचारलाच: पहिल्यांदा खडक का सापडला नाही? लेखी उत्तर द्यावं.

बाबारावांनी आयुष्यात खोटा आकडा लिहिला नव्हता. खरा लिहिला तर वामनरावांची पेन्शन जात होती आणि धुराड्यामागं गॅस कटर लागत होता. मंगळवारी ते दिवसभर वही उघडून बसले. संध्याकाळी रत्नप्रभाबाईंना म्हणाले, "मॅडम, एक नियम आहे. किनाऱ्यावरची खून हलली, तं थे खुनेच्या मालकाले कळवत नसतात. नकाशा छापनाऱ्याले कळवतात. अन् आमचे नकाशे डेहराडूनले छापतात. डोंगरात."

"समितीला काय सांगाल?"

"योग्य कार्यालयास कळविले आहे. उत्तर आल्यावर सांगतो."

रत्नप्रभाबाईंनी अर्ज शुद्धलेखनासाठी तपासला. एकच वेलांटी बदलली. बुधवारी तो रजिस्टर पोस्टानं गेला.

प्रति,
मा. मुख्य जलालेखन अधिकारी,
नौदल, डेहराडून.

विषय: मौजे चिंचखेड, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ येथील धुराडे दर्यावर्दी खूण म्हणून जाहीर करणेबाबत.

महोदय,

सविनय सादर, की वरील ठिकाणी चाळीस फूट उंचीचे लोखंडी धुराडे असून ते नोव्हेंबर २००४ मध्ये दोनशे दहा पावले सरकले आहे. सदर धुराडे कागदोपत्री अस्तित्वात नाही. तथापि, खूण दिसावी लागते, एवढेच आम्हांस सेवेत शिकविण्यात आले होते, आणि सदर धुराडे यवतमाळ रस्त्यावरून स्पष्ट दिसते. जवळच्या समुद्रापासूनचे अंतर पाचशे किलोमीटरहून थोडे अधिक आहे.

तरी सर्व जहाजांना धुराड्याची नवी जागा कळविण्यात यावी. ते यापुढे कोणीही कापू अगर हलवू नये, असा आदेश व्हावा. आणि प्रत्यक्ष पडताळणीसाठी आपले एक सर्वेक्षण जहाज, शक्यतो पांढरे, चिंचखेडच्या तलावात पाणी उतरण्यापूर्वी, म्हणजे होळीच्या आत, पाठविण्याची कृपा करावी. जहाजावरील सर्वांच्या जेवणाची व्यवस्था गावाकडून करण्यात येईल.

आपला नम्र,
बाबाराव, माजी सर्व्हे रेकॉर्डर